तिसऱ्या सिलिंडरचा एरर कोड

गेल्या महिन्यात माझी गाडी रुसली. सकाळी स्टार्ट केली की अर्धा मिनिट इंजिन थरथरायचं, मग सुतासारखं सरळ. डॅशबोर्डवर पिवळा दिवा. आपण पडलो इंजिनिअर! लगेच स्कॅनर लावला. कोड आला पी०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. वा, क्रॅश कुठल्या ओळीवर झाला ते लॉगमध्येच लिहिलंय की! प्लग बदलला, कॉइल बदलली. आठवड्याने तोच दिवा, तोच कोड.

हा कोड मुळात आला कुठून, ते शोधत गेलो आणि थेट लॉस एंजेलिसला पोचलो. १९४३ साली त्या शहरावर डोळे झोंबवणारं धुरकं पसरलं. पुढे कॅलटेकमधल्या हागेन-स्मिट यांनी (हे गृहस्थ आधी अननसाच्या स्वादावर संशोधन करत होते!) दाखवून दिलं, की गाड्यांच्या आणि तेलकारखान्यांच्या वाफांवर ऊन पडून हे धुरकं तयार होतं. मग कायदे आले. १९७५ च्या मॉडेलपासून अमेरिकेतल्या बहुतेक नव्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसला.

पण मिसफायर झाला की न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो भाजून निकामी होतो. म्हणून गाडीनेच स्वतःवर लक्ष ठेवावं, असा नियम कॅलिफोर्नियाने आणला. १९९६ पासून ओबीडी-२ अमेरिकेतल्या सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीची झाली. आपल्याकडे ती २०१३ च्या एप्रिलपासून.

युक्ती मस्त आहे. प्रत्येक सिलिंडर पेटला की क्रँकशाफ्टला एक धक्का मिळतो. एखादा नाही पेटला तर शाफ्ट क्षणभर मंदावतो. शाफ्टवरच्या दातेरी चाकाचे दात सेन्सरसमोरून जायला किती वेळ लागतो, हे कॉम्प्युटर मोजतो आणि चुकार सिलिंडर पकडतो.

म्हणजे बघा, ही सगळी यंत्रणा जन्माला आली ती हवेसाठी, मिस्त्रींसाठी नव्हे. कूलंट किती उरलंय हा प्रश्न त्या नियमांनी विचारलाच नव्हता. माझ्या गाडीत तर कूलंटच्या पातळीचा सेन्सरच नाही.

तो प्रश्न विचारला आमच्या कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकाकांनी. "काय रे, पाणी किती पितेय गाडी?"

मी गप्प. महिन्यात दोनदा बाटली भरली होती. खाली थेंब सांडलेला नव्हता, म्हणून सोडून दिलं होतं.

काकांनी चारही प्लग काढले. तीन तपकिरी आणि तिसरा धुतल्यासारखा लख्ख. "वाफेने धुतलाय." मग रेडिएटरवर हातपंपाने दाब दिला. काटा हळूहळू उतरला आणि थोड्या वेळाने तिसऱ्या सिलिंडरमध्ये ओल दिसली. हेड गॅस्केट! रात्रभर कूलंट आत झिरपायचं, सकाळी प्लग ओला, म्हणून थरथर. आणखी महिनाभर तशीच दामटली असती तर हेड वाकून खर्च कितीतरी वाढला असता.

ऑफिसात मी ज्युनिअर पोरांना सांगत असतो, एरर मेसेज म्हणजे कारण नव्हे. स्वतःच्या गाडीच्या वेळी मात्र विसरलो. असो.

उद्या रविवार आहे. इंजिन गार असताना बॉनेट उघडून बाटलीतली पातळी बघा. आणि कमी दिसली तर नुसती भरून मोकळे होऊ नका, गेलं कुठे ते विचारा.