साताऱ्याच्या मुलाची पाठराखण

साताऱ्याच्या राजवाड्यातील शाळेच्या रजिस्टरात 1914 क्रमांकावर ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद आहे. प्रवेश 7 नोव्हेंबर 1900. या मुलाला पुढे परदेशात आधार कोणाचा होता, हे मी काही वर्षे शोधतो आहे.

परदेशातील हिंदी विद्यार्थ्यांसाठी काही सोयच नव्हती, असे नाही. इंडिया ऑफिसने 1909 मध्ये लंडनला शैक्षणिक सल्लागार नेमला. पण अनेक विद्यार्थ्यांना ती मदत कमी आणि पाळत अधिक वाटे. आंबेडकरांना तारले ते माणसांनी. 1913 मध्ये सयाजीरावांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती, तीही बडोद्याला दहा वर्षे नोकरी करण्याच्या करारावर. मुदत संपताच 1917 मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. 1920 मध्ये पुन्हा गेले ते सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज घेऊन.

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी दलित विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणासाठी सरकारी पैसा मिळवला. त्यामागे हाच हिशेब असावा, असे मला वाटते.

सांगलीकडच्या माझ्या ओळखीतल्या एका मुलाला अलीकडे सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. पहिला हप्ता येईपर्यंतचे खोलीभाडे मामाने म्हैस विकून पाठवले.