कोटेशनं तीन, भाव एकच

स्मरणिकेसाठी ‘आपल्या भागाचा इतिहास’ या विषयावर लिहा, असं संपादक मंडळानं सुचवलं. पिंपरी-चिंचवडचा इतिहास म्हटलं की क्रम ठरलेला: मोरया गोसावी, १९५४ ची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, मग एमआयडीसी, टेल्को, बजाज आणि पुढे चाकण. तो आपल्या सगळ्यांना पाठ आहे. माझी सगळी नोकरी या पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या खरेदी विभागात गेली, म्हणून मी जरा वेगळा इतिहास सांगतो. इथे माल कसा तयार होतो, ते आपल्यापैकी अनेकांनी स्वतःच्या हातांनी करून पाहिलं आहे. त्याचा भाव कसा ठरतो आणि कधीकधी गुपचूप कसा ठरवला जातो, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

गोष्ट बेअरिंगची आहे. पोलादाच्या दोन रिंगा, एक आत, एक बाहेर. मध्ये गोळ्या किंवा रोलर आणि त्यांना जागेवर ठेवणारा केज. बस, एवढंच. पण जे जे फिरतं त्यात हे असतं. घरातला पंखा, मिक्सर, आपल्या लिफ्टची मोटर, स्कूटरचं चाक, ट्रकचा गिअरबॉक्स. आपल्या परिसराचं आणि बेअरिंगचं नातंही जुनं. एसकेएफचा चिंचवडचा कारखाना साठच्या दशकापासूनचा. शेफ्लरचा एक कारखाना तळेगावला. या कारखान्यांत आयुष्य घालवलेली माणसं आपल्या भागात गल्लोगल्ली भेटतात.

आता खरेदीवाल्याची अडचण समजून घ्या. बोल्ट महाग वाटला तर भोसरीत दुसरा वर्कशॉपवाला शोधता येतो. बेअरिंगचं तसं नसतं. नवा पुरवठादार घ्यायचा तर नमुने मागवा, चाचण्या घ्या, गाडी हजारो किलोमीटर पळवा, मग डिझाइनवाल्यांची सही. यात महिने जातात. म्हणून पुरवठादार मोजकेच राहतात. स्टीलचे दर चढले की पुरवठादारांची पत्रं येतात: कच्चा माल वाढला, अमुक टक्के वाढ मंजूर करावी. अशा वेळी खरेदीवाल्याच्या हातात हत्यार एकच. ‘समोरचा तीन टक्क्यांवर तयार आहे, तुम्ही पाच कसे मागता?’ हे हत्यार चालतं, पण कधी? समोरचा आणि हा एकमेकांशी बोलत नसतील तेव्हाच. दोघं आधीच भेटून आकडा ठरवून आले असतील, तर आपण तासभर घासाघीस करतो ती नुसती करमणूक.

नेमकं हेच भारतीय स्पर्धा आयोगाला बेअरिंगच्या धंद्यात आढळलं. ५ जून २०२० रोजी आयोगानं निकाल दिला. लॉकडाउन नुकताच सैल होत होता, आपण सॅनिटायझर आणि भाजीच्या रांगेत होतो, त्यामुळे ती बातमी फारशी कुणी वाचली नाही. चार कंपन्यांनी २००९ ते २०१४ या काळात संगनमत केलं, असं आयोगानं म्हटलं. जयपूरची नॅशनल इंजिनिअरिंग इंडस्ट्रीज (आपण तिला ‘एनबीसी’ ब्रँडनं ओळखतो), शेफ्लर इंडिया, एसकेएफ इंडिया आणि टाटा स्टीलचा बेअरिंग विभाग. वाहनं आणि यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांकडे किती भाववाढ मागायची, याची या कंपन्यांनी आपसात चर्चा केली होती.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. स्टील महागलं म्हणून भाव वाढवणं गुन्हा नाही. चौघांचे भाव साधारण सारखे निघाले, एवढ्यावरूनही गुन्हा ठरत नाही. आपल्या चौकातल्या दोन वडेवाल्यांनी तेल महागल्यावर एकाच आठवड्यात दर वाढवले तर त्यात काही वावगं नाही. दोघांनी आदल्या रात्री बसून ‘तूही वीसच कर, मीही वीसच करतो’ असं ठरवलं, तर मात्र ते कायद्याच्या विरुद्ध. फरक फक्त त्या बैठकीचा असतो. आणि बैठक बंद दाराआड होते, म्हणून ती सिद्ध करणं अवघड.

मग हे प्रकरण बाहेर आलं कसं? आतूनच. शेफ्लरनं स्वतः आयोगाकडे अर्ज केला. आपल्याकडे फौजदारी खटल्यात माफीचा साक्षीदार असतो, तशीच सोय स्पर्धा कायद्याच्या कलम ४६ मध्ये आहे. जो पहिला येऊन खरी आणि उपयोगी माहिती देईल, त्याला दंडात मोठी सवलत, पूर्ण माफीसुद्धा. ‘चोर चोर मावसभाऊ’ हे नातं तोडायचा हा उपाय. उद्या दुसरा आपल्याआधी जाऊन सांगेल, ही भीती प्रत्येकाच्या मनात राहते.

आणि शिक्षा? दंड शून्य रुपये. संगनमत झालं असं ठरलं, पण ‘हे बंद करा आणि पुन्हा करू नका’ एवढ्याच आदेशावर प्रकरण मिटलं. हे वाचून मला आपला जुना कायदा आठवला. १९६९ चा मक्तेदारी कायदा, म्हणजे एमआरटीपी. त्यातल्या आयोगाला अशा प्रकरणात ‘थांबा’ एवढंच सांगता येत असे. त्यात दात नाहीत, अशी टीका झाली म्हणून तर २००२ चा स्पर्धा कायदा आला. त्याच्या मुख्य तरतुदी २० मे २००९ पासून लागू झाल्या. नव्या कायद्यात संगनमतासाठी नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या दहा टक्के, यातलं जे जास्त असेल तिथपर्यंत दंड करता येतो. म्हणजे दात आले. बेअरिंगच्या प्रकरणात ते वापरले गेले नाहीत, इतकंच.

परदेशात याच वस्तूबद्दल काय झालं, तेही पाहा. युरोपीय आयोगानं १९ मार्च २०१४ रोजी बेअरिंग कंपन्यांना ९५ कोटी युरोंहून जास्त दंड केला. वाहनांच्या बेअरिंगबाबत २००४ ते २०११ अशी सात वर्षं हे संगनमत चाललं होतं, असा तो निकाल. त्यात शेफ्लरला सुमारे ३७ कोटी आणि एसकेएफला सुमारे ३१ कोटी युरो भरावे लागले. जपानच्या जेटेक्टनं पहिली खबर दिली, तिला पूर्ण माफी. अमेरिकेत २०१३ मध्ये जेटेक्ट आणि एनएसके या जपानी कंपन्यांनी बेअरिंगच्या भावाबाबत गुन्हा कबूल केला. तिथे १८९० पासून असा कायदा आहे, किंमत ठरवणं हा फौजदारी गुन्हा आहे, आणि वाहनांच्या सुट्या भागांच्या प्रकरणांत काही अधिकारी तुरुंगातही गेले. फसलेल्या ग्राहकाला तिप्पट भरपाई मागता येते ती वेगळीच. आपल्याकडे भाव संगनमतानं ठरवल्याबद्दल तुरुंगवास नाही. भरपाई मागायची सोय कायद्यात आहे, पण तुम्ही-आम्ही पंख्याच्या बेअरिंगमागे गेलेले दोन रुपये मागायला कुठे जाणार?

या सगळ्यात कारखान्यातल्या कामगाराचा काडीचा संबंध नव्हता, हे मी मुद्दाम लिहितो. ग्राइंडिंग मशीनवर मायक्रॉनचा हिशेब सांभाळणाऱ्या माणसाला भावाच्या बैठकीचं निमंत्रण कधीच नसतं. त्याच्या हातचा माल चोख होता, आजही आहे.

बेअरिंग लांबचं वाटत असेल तर सिमेंट घ्या. नियंत्रणाच्या काळात सिमेंटसाठी परमिट लागायचं. १९८९ मध्ये नियंत्रण पूर्ण उठलं आणि आता स्पर्धेमुळे भाव खाली राहतील, अशी सगळ्यांची समजूत झाली. पुढे बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडियानंच तक्रार केली. २० जून २०१२ रोजी आयोगानं अकरा सिमेंट कंपन्यांना सहा हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला. त्यात आपल्या परिचयाच्या एसीसी, अंबुजा, अल्ट्राटेकही होत्या. सुनावणीतल्या त्रुटीमुळे २०१५ मध्ये अपील लवादानं तो आदेश रद्द केला. २०१६ मध्ये आयोगानं पुन्हा दंड केला, २०१८ मध्ये अपिलात तो कायम राहिला आणि कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयानं दहा टक्के रक्कम भरायला लावून अपील दाखल करून घेतलं. आपल्या इमारती त्याआधीच्या. पण ज्यांच्या मुलामुलींनी त्या वर्षांत रावेत, मोशी, वाकडला फ्लॅट घेतले, त्यांच्या भिंतींत गेलेलं सिमेंट त्याच काळातलं.

आता छोट्या उद्योजकांविषयी. आपल्या सोसायटीतही काहीजणांची तळवडे, भोसरीला शेड आहे. त्यांचं म्हणणं रास्त असतं: ‘मोठ्या कंपन्या आम्हाला दरवर्षी भाव कमी करायला लावतात. मग आम्ही दहा वर्कशॉपवाल्यांनी मिळून मजुरीचा किमान दर ठरवला तर काय बिघडलं?’ माझी त्यांना पूर्ण सहानुभूती आहे, पण कायद्यानं बिघडतं. यात लहान-मोठा असा भेद नाही. गोव्यातल्या औषध विक्रेत्यांच्या संघटनेलाही २०१२ मध्ये दंड झाला होता. एकत्र येऊन कच्चा माल घ्या, प्रशिक्षण घ्या, थकलेल्या बिलांसाठी संघटनेतर्फे पाठपुरावा करा. पण संघटनेच्या सभेत दराचा ठराव नको आणि तसा व्हॉट्सअ‍ॅप मेसेजही नको.

शेवटी सोसायटीकडे येतो. पुणे महापालिकेच्या कचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांत संगनमत केल्याबद्दल २०१८ मध्ये आयोगानं दंड केले. एकानं काम घ्यायचं आणि बाकीच्यांनी नावापुरत्या चढ्या निविदा भरायच्या, अशी ती पद्धत. हाच प्रकार कुठल्याही सोसायटीत रंगकामाच्या किंवा वॉटरप्रूफिंगच्या वेळी होऊ शकतो. ठेकेदार प्रेमानं म्हणतो, ‘काका, बाकीची दोन कोटेशनंही मीच आणून देतो.’ कागदोपत्री तीन कोटेशनं होतात, ऑडिटरही खूश. पण तिन्ही लेटरहेडवर शुद्धलेखनाची तीच चूक, तेच मोजमाप आणि आकड्यांत जेमतेम पाच-पाच हजारांचा फरक.

पुढची पंचवीस वर्षं म्हणजे मोठ्या दुरुस्त्यांची वर्षं. लिफ्ट बदलावी लागेल, पाइपलाइन बदलावी लागेल, कदाचित पुनर्विकासाचाही विचार होईल. तेव्हा कामाचं मोजमाप आपण आपल्या इंजिनिअरकडून करून घ्यावं. कोटेशनं समितीनं स्वतः, वेगवेगळ्या ओळखीतून मागवावीत. पाकिटं बंद असावीत आणि ती सभासदांसमोर उघडावीत. खरेदी विभागात आम्ही हेच करायचो आणि त्याला काही खर्च येत नाही. सिंकिंग फंडातला पैसा आपल्यापैकी कुणाच्या पेन्शनमधून आलाय, कुणाच्या ओव्हरटाइममधून.