तबलजी अहमदजान

आपल्या संगीताचा इतिहास लिहिणाऱ्यांनीं गवयांच्या वंशावळी मोठ्या हौसेनें जुळविल्या. पण त्या गवयांस ज्यांनीं रात्र-रात्र ताल धरून दिला, त्यांचीं नांवें बहुधा टिपून ठेविलीं नाहींत. ‘तबलजी’ हा शब्दच मुळीं हलका मानला गेला. गाणारा तो बुवा किंवा खाँसाहेब. वाजविणारा मात्र नुसता तबलजी. या उपेक्षेस ज्या थोड्या कलावंतांनीं आपल्या बोटांच्या बळावर उत्तर दिलें, त्यांत उस्ताद अहमदजान थिरकवा यांस आम्ही अग्रस्थान देतों. आणि त्या उत्तराची तयारी दरबारांत झाली नसून मराठी नाटकगृहांत, तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकांपुढें झाली, असें आमचें मत आहे.

अहमदजान यांचा जन्म १८९२ च्या सुमारास उत्तरेंत मुरादाबाद येथें झाला. घर वाजविणाऱ्यांचें, वडील सारंगिये. लहान वयांतच ते मुंबईस उस्ताद मुनीरखाँ यांच्या तालमींत आले. ‘थिरकवा’ हें नांव पाळण्यांतलें नव्हे. बोटें तबल्यावर थिरकतात म्हणून तें पडलें, आणि पुढें खऱ्या नांवासही त्यानें मागें सारलें.

मुनीरखाँ हे एकाच घराण्याच्या कुंपणांत राहणारे गुरु नव्हते, हें शिष्याचें मोठेंच भाग्य. दिल्लीचा बाज मुख्यतः दोन बोटांचा, चाटेवरचा, बंद आणि आटोपशीर. पूरबचा बाज कथ्थक नाचाच्या सहवासांत वाढला, म्हणून तो खुला आणि घुमारदार. त्यांत शाई आणि मैदान यांस अधिक काम. अजराड्याच्या वादकांनीं दिल्लीच्याच कायद्यांस आड लयीचें वळण देऊन डग्ग्यास बोलकें केलें. हे सारे बाज एका हातीं आले म्हणजे त्यांची खिचडी होण्याचें भय असतें. थिरकव्यांच्या वादनांत पेशकार सुरू असतां दिल्ली दिसते, गत निघाली कीं फरुखाबाद व लखनौ दिसतें. पण हात एकाच माणसाचा आहे, याविषयीं क्षणभरही संशय येत नाहीं.

आतां रंगभूमीकडे वळूं. बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी १९१३ सालीं निघाली. १९१६ च्या ‘स्वयंवरा’स भास्करबुवा बखले यांनीं चाली दिल्या, तेव्हां नाटकाचें पद ख्यालाच्या उंबरठ्यावर येऊन उभें राहिलें. अशा गाण्यास कामचलाऊ साथ पुरणें शक्य नव्हतें. पुढें मंडळीच्या साथीस तबल्यावर थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष असे कलावंत बसूं लागले. नाटकांत वाजविणें म्हणजे विद्या बाजारांत मांडणें, अशी नाकें मुरडणारे लोक तेव्हांही होते. आजही ते अगदींच नाहींत असें नाहीं.

आम्हांस हा आक्षेप उथळ वाटतो. बैठकींतील साथीदारास मधून मधून आपला हात मोकळा करण्यास अवकाश मिळतो. नाटकांत पद तेवढेंच, शब्द प्रत्येकास कळले पाहिजेत, आणि गाणारी भामिनी किंवा रुक्मिणी आपलें सोंग सोडून तबलजीच्या सवाल-जबाबांत शिरूं शकत नाहीं. शिवाय ‘वन्समोअर’! एकच पद प्रेक्षक पुन:पुन्हा मागणार, बालगंधर्व दर वेळीं नव्या जागा घेणार, आणि तबलजीनें ठेका तोच ठेवून प्रत्येक खेपेस समेवर नवें सुख द्यावयाचें. दोन-चार मात्रांचा एक मुखडा, एवढेंच काय तें त्याचें अंगण. त्या अंगणांत ज्यास नाचतां येतें, त्यास मैदानाची भीति उरत नाहीं. ध्वनिक्षेपक नसलेल्या नाटकगृहांत शेवटच्या रांगेपर्यंत बोल स्पष्ट जावा, पण गाण्याचा शब्द बुडूं नये, ही कसरत तर निराळीच. थिरकव्यांच्या वादनांतील नादाची शुद्धता आणि वजनाचा विवेक यांचें मूळ थोडेंबहुत या कसरतींत असावें, असा आमचा तर्क आहे. ज्या वाद्यास महाराष्ट्र आजवर गाण्याच्या आडून ऐकत आला, तें स्वतंत्रपणें ऐकावयाची गोडीही अशानेंच लागली असावी.

पुढें ते रामपूर दरबारीं राहिले, लखनौस भातखंड्यांच्या नांवाच्या संगीत महाविद्यालयांत त्यांनीं अध्यापन केलें, १९७० सालीं त्यांस पद्मभूषण मिळालें, आणि १३ जानेवारी १९७६ रोजीं ते वारले.

परंतु महाराष्ट्राशीं त्यांचा संबंध नाटकाबरोबर संपला नाहीं. ज्या विद्येचे कायदे पूर्वीं जांवयास हुंड्यांत दिले जात, असें सांगतात, तीच विद्या त्यांच्याकडून घराण्याबाहेरच्या शिष्यांस मिळाली. जगन्नाथबुवा पुरोहित यांनीं नांव काढलें तें गायक म्हणून. पण तबला ते थिरकव्यांकडे शिकले. निखिल घोष, लालजी गोखले आणि भाई गायतोंडे हे त्याच हाताचे वारस. मुरादाबादेच्या मुसलमान कलावंताचा बाज असा पुण्या-मुंबईच्या घरांतून नांदूं लागला. ‘चीज चोरून ठेवणारे उस्ताद’ हें चित्र आम्हां इंग्रजी शिकलेल्यांस फार आवडतें. त्यास हें उदाहरण तरी जुळत नाहीं.

थिरकव्यांच्या स्वतंत्र वादनाच्या ध्वनिमुद्रिका सुदैवानें आज ऐकावयास मिळतात. त्या ऐकणारा प्रथम गति शोधतो, आणि कांहींसा निराश होतो; कारण अलीकडच्या वादकांइतकी घाई तेथें नाहीं. लेहरा आपल्या संथ चालीनें फिरत असतो. मग पेशकारांतील एखादा ‘धा’ पडतो. चाटेची टंकार आणि डग्ग्याचा घुमारा एकाच वेळीं उठतात, आणि तो घुमारा पूर्ण विरेपर्यंत पुढच्या बोलास उस्ताद थांबवून धरतात.