गिटारवादकाचा सभाधीटपणा: तो कसा येतो, कसा कमावतात?

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये हे दृश्य नेहमीचे आहे. घरी, मित्रांच्या खोलीत उत्तम गिटार वाजवणारा मुलगा मंचावर येतो, खुर्चीवर बसतो, मान खाली घालतो आणि चार मिनिटे डाव्या हाताच्या बोटांकडे पाहत राहतो. एकही सूर चुकत नाही. तरीही तिसऱ्या ओळीपासून मागे मोबाइल उजळू लागतात. त्याच्यानंतर आलेला मुलगा चार साध्या कॉर्डवर एक जुने गाणे वाजवतो, मध्येच थांबतो, समोर बघून हसतो, आणि सभागृह त्याच्याबरोबर गाऊ लागते. दुसरा वादक पहिल्यापेक्षा चांगला असतोच असे नाही. त्याच्याकडे जे असते त्याला इंग्रजीत ‘स्टेज प्रेझेन्स’ म्हणतात. मराठीत त्यासाठी जुना, नेमका शब्द आहे: सभाधीटपणा.

हा गुण जन्मजात असतो, असा समज आहे. काहींना तो लवकर येतो हे खरे, पण त्यातला बराच भाग सरावाचा आहे, आणि हा सराव सूर-तालाच्या रियाजापेक्षा वेगळा आहे.

डोळ्यांनी ऐकणारे श्रोते

‘संगीत कानांनी ऐकायचे असते, दिसण्याला काय महत्त्व?’ हा आक्षेप वाजवी वाटतो. चिया-जुंग त्साय या पियानोवादक असलेल्या संशोधिकेने २०१३ मध्ये नेमका हाच प्रश्न तपासला. पियानो स्पर्धांच्या अंतिम फेरीतील वादकांच्या काही सेकंदांच्या चित्रफिती तिने लोकांना दाखवल्या. काहींना फक्त आवाज ऐकवला, काहींना आवाज बंद करून फक्त चित्र दाखवले. प्रत्यक्षात कोण जिंकले हे फक्त चित्र पाहणाऱ्यांना अधिक अचूक ओळखता आले. संगीताच्या जाणकारांचेही तेच झाले.

यावरून ‘मंचावर उड्या माराव्यात’ असा निष्कर्ष काढायचे कारण नाही. ‘द हू’ या ब्रिटिश बँडचा पीट टाउनशेंड पवनचक्कीसारखा हात फिरवत वाजवत असे, तर ‘किंग क्रिमसन’चा रॉबर्ट फ्रिप वर्षानुवर्षे स्टुलावर बसून, जवळजवळ न हलता वाजवत आला. दोघांचेही श्रोते खिळून राहत. टाउनशेंडच्या गिटार फोडण्याची सुरुवातही १९६४ मध्ये लंडनच्या एका छोट्या जागेत अपघाताने झाली. छत बुटके होते आणि गिटारचे डोके त्यावर आदळून मोडले. पुढे तोच त्याचा प्रसिद्ध प्रकार झाला. तेव्हा नक्कल करण्यासारखे त्यात फारसे काही नाही. गिटारीही स्वस्त नसतात. दोघांत समान होते ते एवढेच की त्यांचे लक्ष बोटांवर नव्हते. वादकाचे लक्ष जिकडे असते, तिकडे श्रोत्याचे जाते. वादक बोटांकडे पाहत असेल तर श्रोताही तेवढेच पाहतो, आणि थोड्या वेळाने कंटाळतो.

शहरातच असलेली शिकवणी

छत्रपती संभाजीनगरमधील तरुण गिटारवादक बहुधा यूट्यूबवर शिकतो, परदेशी कार्यक्रम पाहतो. श्रोत्यांशी बोलण्याच्या तीन जुन्या परंपरा मात्र त्याच्या घराजवळच आहेत, आणि त्या तिन्हींतून गिटारवर थेट आणता येईल असे काही मिळते.

पहिली परंपरा मुशायऱ्याची. हे शहर औरंगाबाद असताना दखनी आणि उर्दू कवितेचे मोठे केंद्र होते. वली दखनी यांना वली औरंगाबादी असेही म्हणतात, तर अठराव्या शतकातील सिराज यांच्या नावातच ‘औरंगाबादी’ आहे. मुशायऱ्यात शायर शेराची पहिली ओळ, म्हणजे मिसरा, एकदा म्हणून पुढे जात नाही. तो ती पुन्हा म्हणतो. श्रोते ती ओळ उचलतात, ‘मुकर्रर’ म्हणून परत मागतात, आणि सगळ्यांचे कान टवकारले गेले की मग दुसरी ओळ येते. दाद ही शेवटी मिळणारी बक्षिशी नसते, ती शेराचाच भाग असते.

गिटारवादकाला यातून मिळणारा धडा सरळ आहे. गाण्याच्या सुरुवातीची ओळखीची सुरावट एकदा वाजवून लगेच गायनाकडे धावू नये. ती दोनदा वाजवावी, आणि दुसऱ्या वेळी वर पाहावे. लोकांना गाणे ओळखायला दोन-चार सेकंद लागतात. ओळखल्याचा जो हुंकार येतो, तो पूर्ण होईपर्यंत थांबावे. नवख्या वादकांना ही शांतता असह्य वाटते आणि ते ती घाईघाईने भरून टाकतात. खरे तर कार्यक्रम तिथेच हातातून निसटतो.

दुसरी परंपरा भारुडाची. शहराच्या दक्षिणेला सुमारे ५० किलोमीटरवर पैठण आहे, संत एकनाथांचे गाव. सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडे रचली ती वासुदेव, जोशी, गोंधळी अशा रस्त्यावरच्या ओळखीच्या माणसांच्या तोंडी. त्यांतला विंचू चावल्याचा कांगावा आजही हमखास हशा घेतो. भारूड सादर करणारा समोरच्यांना ‘प्रेक्षक’ समजत नाही. त्यांच्यातल्याच कुणाला तरी तो प्रश्न विचारतो, टोमणा मारतो, मध्येच गावातली कालची गोष्ट घुसवतो. आध्यात्मिक अर्थ नंतर येतो, आधी लोक आपल्याशी कोणीतरी बोलतोय म्हणून कान देतात.

तिसरे उदाहरण आधुनिक आहे आणि बहुधा सर्वांत उपयोगी. मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाचे प्रमुख राहिलेले डॉ. लक्ष्मण देशपांडे यांनी १९७९ पासून ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा एकपात्री प्रयोग केला. मराठवाड्यातल्या खेड्यातील वऱ्हाड लग्नासाठी विमानाने लंडनला जाते, एवढीच गोष्ट. बावन्न पात्रे आणि ती सगळी उभी करणारा एकच माणूस. या प्रयोगाची नोंद गिनीज बुकातही झाली. सोबतीला नट नाहीत, गाणारे नाहीत. आवाजाची पट्टी, मानेचा कल, नजरेची दिशा आणि थांबण्याची वेळ एवढ्यावर हजारो लोक तीन तास बसत.

एकटा गिटारवादक याच अवस्थेत असतो. ड्रमर नाही, बेस नाही, मागे पडदा. त्याला ‘पात्रे’ बदलता येतात ती गिटारमधूनच: पुलाजवळ, म्हणजे ब्रिजजवळ, छेडले की आवाज टोकदार होतो, फ्रेटबोर्डाच्या दिशेने सरकले की मऊ होतो; तळव्याने तारा दाबून वाजवले की धडधड उरते. सगळे गाणे एकाच जोरात वाजवणारा वादक म्हणजे बावन्न पात्रांना एकच आवाज देणारा नट.

डोळे मोकळे करण्याचा रियाज

वर पाहायचे तर बोटांनी स्वतःची वाट स्वतः शोधली पाहिजे. त्यासाठी काही साधे उपाय आहेत, आणि सर्वांत महत्त्वाचा सर्वांत दुर्लक्षित आहे: उभे राहून सराव करणे. घरी पलंगावर बसून वर्षभर वाजवलेले गाणे उभे राहिल्यावर परके होते, कारण गिटारची उंची आणि मनगटाचा कोन बदलतो. पट्टा असा लावावा की बसल्यावर आणि उभे राहिल्यावर गिटार शरीराच्या साधारण त्याच भागावर राहील. गुडघ्यापर्यंत लोंबणारी गिटार फोटोत छान दिसते, पण डाव्या मनगटाला वळण पडते आणि अवघड कॉर्ड फसतात.

गिटारच्या मानेच्या वरच्या कडेवर छोटे ठिपके असतात, बहुतेक गिटारींवर तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आणि बाराव्या फ्रेटला. ते वादकासाठीच असतात. लांब उडी घेण्यापूर्वी तिथे अर्धा सेकंद नजर टाकायची आणि पुन्हा वर यायचे, एवढी मुभा पुरते. खोलीतला दिवा बंद करून गाणे वाजवून पाहिले तर कोणती जागा अजून डोळ्यांवर अवलंबून आहे ते लगेच कळते. तेवढ्याच जागा घोटाव्यात.

नजर कुठे ठेवायची, हाही प्रश्न असतो. मंचावरच्या दिव्यांमुळे पहिल्या दोन-तीन ओळींपलीकडे बहुधा अंधारच दिसतो. तरी डावा कोपरा, उजवा कोपरा आणि शेवटची ओळ यांकडे आलटून पालटून पाहिले की सभागृहाला वाटते, हा आपल्याशी बोलतो आहे. एकाच मित्राकडे बघत राहिल्यास बाकीचे बाहेर राहतात. कार्यक्रमाआधी सभागृहाच्या शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसून यावे. संत एकनाथ रंगमंदिरासारख्या मोठ्या नाट्यगृहात तिथून मंच किती लहान दिसतो हे एकदा पाहिले की हालचाल किती मोठी असावी, याचा अंदाज आपोआप येतो. कॅफेत हेच उलटे असते: श्रोता दोन हातांवर असतो, तिथे मोठे हातवारे हास्यास्पद दिसतात.

भीतीचे काय करायचे

मंचावर जाण्यापूर्वी छाती धडधडते, हात गार पडतात, तळव्यांना घाम येतो. गिटारवादकाला हे गायकापेक्षा जास्त नडते, कारण गार बोटे जड होतात आणि घामाने पिक निसटतो. हात कोमट पाण्यात धुणे, पुसायला रुमाल आणि खिशात दोन जास्तीचे पिक ठेवणे हा त्यावरचा घरगुती इलाज.

मनाच्या बाजूने एक उलटा सल्ला उपयोगी आहे. ‘शांत हो, शांत हो’ असे स्वतःला बजावल्याने फारसे साधत नाही. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना परक्यांसमोर कॅराओकेवर गायला लावले होते. ‘मला भीती वाटते’ म्हणून गाणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्साह वाटतो’ असे आधी मोठ्याने म्हणणारे अधिक सुरात गायले. भीती आणि उत्साह यांत शरीराची अवस्था जवळजवळ सारखीच असते; नाव बदलणे सोपे असते, अवस्था बदलणे कठीण.

भीतीचा एक परिणाम मात्र उत्साहातही टिकतो, तो म्हणजे लय वाढणे. घरी ९० च्या गतीने वाजणारे गाणे मंचावर सहज १०० ला जाते. म्हणून पहिले गाणे सर्वांत अवघड नव्हे, सर्वांत पाठ असलेले निवडावे, आणि सुरू करण्यापूर्वी मनात दोन आवर्तने पूर्ण मोजावीत.

दोन गाण्यांच्या मधली जागा

गाणे संपते आणि वादक पाठ फिरवून सूर जुळवू लागतो. लोक आपसात बोलू लागतात. पुढचे गाणे मग पुन्हा शून्यापासून सुरू करावे लागते. आवाज बंद करून सूर जुळवता येणारा पेडल ट्यूनर किंवा गिटारच्या डोक्याला लावायचा क्लिप ट्यूनर यासाठीच असतो. कॅपो लागणारी गाणी एकापाठोपाठ ठेवली तर दर वेळी लावा-काढा करावी लागत नाही.

उघड्यावरच्या मंचावर तर हा प्रश्न अधिकच. फेब्रुवारी २०२३ मध्ये वेरूळ-अजिंठा महोत्सव झाला तो सोनेरी महालाच्या आवारातला मंच असो किंवा गल्लीतल्या गणेश मंडळाचा, संध्याकाळी मराठवाड्यातली हवा झपाट्याने गार होते. गार पडलेली पोलादी तार आकुंचन पावते आणि सूर चढतो. प्रखर दिव्याखाली तीच तार तापून उतरते. त्यामुळे गिटार खोलीत नव्हे, मंचाजवळ किमान १५-२० मिनिटे ठेवून मग जुळवावी.

बोलायचे किती? थोडे. ‘हात वर, आवाज येऊ दे’ या आरोळ्या डीजेला शोभतात. गाण्याबद्दलचे एक खरे वाक्य पुरते: ते कुठे ऐकले, कुणी शिकवले, का वाजवतो आहे. भाषा समोरच्यांची असावी. या शहरात मराठी, हिंदी आणि दखनी एकाच वाक्यात मिसळतात. तसे बोलणाऱ्याने मंचावर येताच कृत्रिम इंग्रजी धरली तर लोकांना ती लगेच खटकते.

गाणारा-वाजवणारा एकच असेल तर अमेरिकेचे ब्लूजवादक बी. बी. किंग ऐकावेत. गाणे आणि गिटार ते एका वेळी करत नसत. एक ओळ गात, मग ‘ल्युसिल’ नावाची त्यांची गिटार उत्तर देई. वारकरी कीर्तनात बुवा थांबतात आणि टाळकरी ओळ उचलतात, ते ऐकलेल्या माणसाला ही पद्धत परकी वाटणार नाही. दोन्ही हातांना आणि गळ्याला एकाच वेळी राबवण्यापेक्षा हे सोपेही आहे.

चूक झाली तर

सूर चुकला तर चेहऱ्यावर दाखवू नये. बहुतेक श्रोत्यांना चूक कळत नाही, वादकाचे तोंड वाकडे झालेले कळते. लय चालू ठेवली की चुकलेला सूर दोन मात्रांत मागे पडतो. तार तुटली तर गोष्ट वेगळी. दुसरी जुळवलेली गिटार जवळ असणे उत्तम. नसेल तर उरलेल्या पाच तारांवर साध्या कॉर्डने गाणे पूर्ण करण्याचा सराव घरी एकदा तरी करून ठेवावा. अशा वेळी वादक घाबरला नाही, हेच लोक घरी जाऊन सांगतात.

शेवटचा सूर विरेपर्यंत हात तारांवरून काढू नये. तो पूर्ण विरला की मग मान वर करावी. टाळ्या त्या क्षणाची वाट पाहत असतात.

कार्यक्रमाचे मोबाइलवर चित्रीकरण करून घ्यावे, शक्यतो मागच्या ओळीतून. दुसऱ्या दिवशी ते एकदा आवाज पूर्ण बंद करून पाहावे, आणि मग एकदा फोन उलटा ठेवून फक्त ऐकावे. पहिल्या वेळी मान किती वेळ खाली होती ते मोजता येते, दुसऱ्या वेळी लय कुठे पळाली ते.