पाव मिलिमीटरचा इतिहास

यामाहा आरएक्स १०० च्या नावात शंभर आहे, पण नव्या गाडीचं इंजिन शंभर सीसीचं नव्हतं. सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर, पिस्टनची वर-खाली चालही ५० मिलिमीटर. हिशोब केला की ९८ सीसी येतात. हीच गाडी खूप वर्षं पळाली, सिलिंडर झिजला आणि बोअरिंगवाल्याने टप्प्याटप्प्याने त्याचा व्यास एक मिलिमीटरने वाढवला, की इंजिन १०२ सीसीचं होतं. म्हणजे झिजून दुरुस्त झालेली गाडी कोऱ्या गाडीपेक्षा चार सीसींनी मोठी असते.

१९८५ ते १९९६ या काळात भारतात बनलेली ही गाडी सातारा-सांगलीच्या रस्त्यांवर अजून दिसते, एमएच ११ आणि एमएच १० अशा दोन्ही नंबरांची. तिचं हेड खोललं की पिस्टनच्या डोक्यावर एक आकडा कोरलेला दिसतो. कंपनीचा मूळ पिस्टन असेल तर स्टँडर्ड. नाहीतर ०.२५, ०.५०, ०.७५ किंवा १.००. पाव, अर्धा, पाऊण, एक. त्या आकड्यावरून इंजिन किती वेळा झिजलं आणि किती वेळा परत उभं राहिलं याचा अंदाज येतो.

जुनी गाडी दुरुस्त करून चालवणाऱ्याकडे आपण दोनच नजरांनी बघतो. एक तर त्याला नवी परवडत नाही, नाहीतर त्याला जुन्याचा सोस आहे. पण हे पाव-अर्धा-पाऊणचे पिस्टन कोणा गल्लीतल्या मेकॅनिकने घरी बनवलेले नाहीत. ते कारखान्यात, ठरलेल्या मापात, डबीत भरून येतात. सिलिंडर झिजेल, तो मोठा करावा लागेल, तेव्हा मोठा पिस्टन लागेल, हे गाडी बनवणाऱ्यांनी आधीच धरलेलं होतं. गाडीला किती आयुष्यं मिळणार, याचा बराचसा निर्णय ती पहिल्यांदा सुरू होण्याआधीच झालेला असतो. तो निर्णय कोण घेतं, याचा इतिहास सातारा आणि सांगलीत चांगला वाचता येतो. त्याची सुरुवात मात्र मोटरसायकलच्या आधी, नांगरापासून होते.

फाळ कोणाचा

लाकडी नांगरात लोखंडाचा मुख्य भाग म्हणजे फाळ. जमिनीत घासून त्याचं टोक बोथट व्हायचं. मग तो गावातल्या लोहाराकडे जायचा. लोहार तो भट्टीत लाल करायचा, घणाने ठोकून लांबवायचा, धार काढायचा, पाणी द्यायचा. याचे पैसे लगेच द्यावे लागत नसत. सुगीत धान्याच्या रूपाने बलुतं पोचायचं. फाळ दर वर्षी थोडा लहान व्हायचा, पण त्याच्या दुरुस्तीसाठी गावाबाहेर जायची गरज नसायची.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात भावाबरोबर आधी सायकली विकल्या. पुढे कडबा कापायचं यंत्र आणि मग लोखंडी नांगर बनवायला घेतला. लोखंडाने जमीन नासते अशी तेव्हा समजूत होती, त्यामुळे सुरुवातीचे नांगर बराच काळ पडून राहिले. बेळगावची जागा सोडायची वेळ आली तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ त्यांना दिला. तिथे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, कुंडल सांगली जिल्ह्यात. पण सांगली जिल्हा १९६० पर्यंत दक्षिण सातारा या नावानेच ओळखला जायचा. या दोन जिल्ह्यांचा यंत्रांचा इतिहास सलग आहे.

नव्या नांगराबरोबर एक गोष्ट बदलली, ती फारशी सांगितली जात नाही. ओतीव लोखंड ठिसूळ असतं. ते तापवून घणाखाली घातलं तर लांबत नाही, फुटतं. म्हणून ओतीव नांगराचा झिजणारा भाग वेगळा ओतून बोल्टने बसवायचा आणि झिजला की नवा घ्यायचा, अशी पद्धत जगभर रूढ झाली. नांगर खोल जायचा, जास्त टिकायचा, आणि शेतकऱ्याने तो पुढे आपणहून स्वीकारला. मात्र ओतीव फाळाच्या बाबतीत लोहाराच्या भट्टीचं काम संपलं. झिजेवरचा उपाय गावातून उठून फाउंड्रीत गेला.

सुटा भाग काढून दुसरा बसवणं आज आपल्याला सहज वाटतं, पण त्यासाठी एका मापाचे हजार तुकडे खरोखर एकाच मापाचे निघावे लागतात. १९०८ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सला तीन कॅडिलॅक मोटारी पूर्ण खोलून त्यांचे भाग एकमेकांत मिसळले गेले. त्या ढिगातून पुन्हा तीन मोटारी जोडल्या आणि त्या ५०० मैल चालवल्या. हे तेव्हा इतकं नवलाचं होतं की कंपनीला त्यासाठी ड्यूअर ट्रॉफी मिळाली. तोवर मोटारीचा भाग म्हणजे बहुतेक वेळा कानशीने घासून जागेवर बसवायची वस्तू होती. एका मापाच्या भागांमुळे बदलणं सोपं झालं, आणि हळूहळू दुरुस्तीला पर्याय म्हणून बदलणं उभं राहिलं.

लायनर

किर्लोस्करवाडीनंतर बारा वर्षांनी, १९२२ मध्ये, धनजीशा कूपर यांनी सातारा रोडला कारखाना काढला. हेच सर धनजीशा १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताच्या सरकारचे प्रमुख होते. कारखान्यात आधी नांगर बनले, पुढे डिझेल इंजिनं. आज साताऱ्यात कूपर नावाने चालणाऱ्या उद्योगात इंजिनाचे जे भाग बनतात, त्यात सिलिंडर लायनर हा एक आहे.

लायनर म्हणजे सिलिंडरच्या आत बसवलेली बिडाची नळी. पिस्टन घासतो तो या नळीला, इंजिनाच्या मुख्य सांगाड्याला नाही. झिजायचं ते नळीने झिजावं, सांगाडा तसाच राहावा, ही त्यामागची कल्पना. नळी झिजली की आतून मोठी करता येते, आणि फारच गेली तर ओढून काढून नवी ठोकता येते. दुरुस्ती आणि बदल यांचा यात चांगला मेळ आहे. बदलायचं, पण कमीत कमी.

कृष्णाकाठी विहिरींवर आणि नदीवर इंजिनं बसत गेली तसं हे तंत्र तालुक्याच्या गावापर्यंत पोचलं. ऊस उभा असताना इंजिन बंद पडलं तर पार्सलची वाट बघता येत नाही. म्हणून बाजारपेठेच्या गावात लेथ आला, बोअरिंग मशिन आलं. लेथसुद्धा याच घराण्याचे मिळू लागले. किर्लोस्करांनी १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर काढली, ती लेथसाठीच ओळखली गेली. विहिरीवरच्या इंजिनाचं बोअर करणाऱ्या माणसाला मोटरसायकलचा सिलिंडर म्हणजे तेच काम, लहान मापाचं.

पाव मिलिमीटर कसा काढतात

सिलिंडर सगळीकडून सारखा झिजत नाही. कनेक्टिंग रॉड तिरका होताना पिस्टनला भिंतीवर दाबतो, त्यामुळे समोरासमोरच्या दोन बाजू जास्त झिजतात. वरच्या टोकाला उष्णता जास्त आणि तेल कमी, म्हणून तिथे झीज अधिक. गोल भोक लंबगोल होतं. कॉम्प्रेशन निसटतं, किक हलकी लागते, चढाला गाडी मान टाकते, पिस्टन वाजायला लागतो.

बोअरिंगवाला आधी मापं घेतो. झीज पावात निघते की अर्ध्यावर जावं लागेल, हे तो ठरवतो. चांगला कारागीर आधी पिस्टन मागतो, कारण डबीवर काहीही छापलेलं असलं तरी हातातला पिस्टन मोजूनच बोअर करायचं असतं. दोघांमधली फट मिलिमीटरच्या काही शंभराव्या भागांइतकी ठेवायची. जास्त झाली तर पिस्टन वाजतो, कमी झाली तर तापल्यावर अडकतो. शेवटी होनिंग: भिंतीवर दगडाने तिरक्या, एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेघा पाडायच्या, म्हणजे त्यात तेल धरून राहतं. आरशासारखा गुळगुळीत सिलिंडर चांगला दिसतो, पण त्यावर तेल टिकत नाही.

क्रँकचं कामही असंच. बेअरिंग गेलं की प्रेसवर क्रँक उघडायचा, नवी पिन आणि रॉड बसवायचा, मग लेथवर दोन टोकांत धरून डायल गेज लावायचं आणि तांब्याच्या हातोडीने एकेक ठोका देत सरळ करायचा. झिजलेल्या भोकात गनमेटलचा बुश, प्लगच्या गेलेल्या आट्यांना नवी आटी, फुटलेल्या अ‍ॅल्युमिनियमला आर्गन वेल्डिंग.

सगळंच दुरुस्त करू नये, हेही हा धंदा जाणतो. चेन आणि स्प्रॉकेट बदलायचेच, आणि दोन्ही एकदम. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन लवकर मरते. तुटत आलेल्या ब्रेकच्या केबलला गाठ मारणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. कुठे थांबायचं हे कळणं हा कौशल्याचाच भाग.

टंचाईची शाळा

या कौशल्याची भरभराट झाली ती टंचाईत. किती गाड्या बनवायच्या याचा परवाना सरकार द्यायचं, आणि स्कूटर बुक करून लोक वर्षानुवर्षं थांबायचे. १९७५ मध्ये बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली आणि साताऱ्यात प्रिया स्कूटर बनू लागली. गाडी गावातच बनते, तरी ती घ्यायला रांग, असा तो काळ. दुसरी मिळण्याची खात्री नसेल तर हातातली जपावीच लागते. त्या काटकसरीला आज तत्त्वाचा मुलामा देण्यात अर्थ नाही.

आणि दुरुस्ती स्वस्त होती, कारण माणसाचा वेळ स्वस्त होता. हेल्पर म्हणून आलेली पोरं शाळा सोडून आलेली असत. ब्रेक लायनरच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, आणि तोंडाला रुमालही नसायचा. जुन्या गॅरेजच्या गोडव्यात हा हिशोब धरला पाहिजे.

पण टंचाईने शिकवलेलं टंचाई गेल्यावरही उपयोगी पडलं. म्हैसूरची आयडियल जावा १९९६ मध्ये बंद पडली. येझदीचा मालक कंपनीच उरली नाही म्हणून गाडी भंगारात घालू शकत होता. अनेकांनी घातली नाही, कारण बुश, पिन, पिस्टन यांसाठी कंपनी लागतच नव्हती. लेथ लागत होता.

कुलूप

आता गाडी लगेच मिळते, मेकॅनिकचा वेळ महाग झालाय, आणि यंत्रंही बदलली आहेत. काही नव्या, ताकदीच्या बाईकच्या सिलिंडरमध्ये बिडाची नळी नसते. अ‍ॅल्युमिनियमवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा अगदी पातळ थर असतो. तो हलका, उष्णता लवकर सोडणारा आणि इतका टणक की वर्षानुवर्षं झिजत नाही. पण एकदा खोल ओरखडा पडला की पाव मिलिमीटर वगैरे काही नाही. थर पुन्हा चढवायची सोय तालुक्यात नसते, म्हणून पूर्ण सिलिंडर बदलायचा. हा सौदा फसवणुकीचा नाही. मालकाला जास्त किलोमीटर मिळतात, फक्त त्यानंतरचा दुसरा जन्म मिळत नाही.

१ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं आणि कार्ब्युरेटरची जागा जवळपास सगळीकडे फ्युएल इंजेक्शनने घेतली. हवा स्वच्छ राहावी म्हणून हे हवंच होतं. जुनी टू-स्ट्रोक किती धूर सोडते हे तिच्या मागून जाणाऱ्याला विचारा. पण कार्ब्युरेटरचा जेट कोणीही साफ करायचा. ईसीयूशी बोलायला बऱ्याचदा कंपनीचं स्कॅनर लागतं. मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे एवढं सांगू शकतो की हे कुलूप लोखंडाच्या गुणधर्मातून आलेलं नाही. बीड ठिसूळ असतं, त्याला इलाज नाही. कोणता एरर कोड कोणाला वाचता येईल, हे मात्र कोणीतरी बैठकीत ठरवतं, आणि तसंच ते बदलताही येतं.

म्हणूनच केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा त्यातली क्षेत्रं ओळखीची होती: शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याचं पोर्टल सुरू झालं, जिथे कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती द्यावी अशी अपेक्षा आहे. दुसरीकडे, १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांपुढच्या मोटरसायकलचं नोंदणी नूतनीकरण ३०० रुपयांवरून १००० रुपयांवर गेलं. एका हाताने दुरुस्तीचा हक्क, दुसऱ्या हाताने जुन्या गाडीवर वाढीव फी. दोन्हींमागे कारणं आहेत, पण दोन्ही एकत्र वाचली पाहिजेत.

साताऱ्यातल्या महाराष्ट्र स्कूटर्समध्ये आता स्कूटर बनत नाही. तिथे डाय, जिग आणि फिक्स्चर बनतात, म्हणजे इतरांच्या गाड्यांचे भाग एका मापाचे निघावेत म्हणून लागणारी साधनं. बदलण्याच्या जगाचा पायाच तो. सुट्या भागांना माझा विरोध नाही. त्यांच्याशिवाय पावचा पिस्टनही मिळाला नसता. पण लायनर बनवणाऱ्याने एक साधी गोष्ट मान्य केली होती: झीज होणार, तेव्हा ती कुठे व्हावी हे आपण ठरवू, आणि ती जागा अशी ठेवू की तिथे दुसऱ्या कोणाचाही हात पोचेल. पुढची गाडी घेताना मायलेज आणि टॉप स्पीडबरोबर एवढंही विचारा की हिचा सिलिंडर बोअर होतो का. बहुतेक शोरूममध्ये उत्तर मिळणार नाही. तालुक्याच्या लेथवाल्याला माहीत असेल.