चंद्रावरचा कॅमेरा आणि ह्यूस्टनची कळ

श्रोतेहो, पाटाच्या पाण्यावर दारं धरणाऱ्या माणसाला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. शेवटचा वाफा भरत आला, की तो विहिरीवरच्या गड्याला आधीच हाक घालतो. कारण मोट थांबवा नाही तर पंप बंद करा, पाटात निघालेलं पाणी येतच राहतं. वाफा काठोकाठ भरल्यावर हाक घातली, तर बांध फुटलाच म्हणून समजा. हाच हिशेब १९७२ साली चंद्रासाठी कसा मांडावा लागला, ते आज सांगायचं आहे.

जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ मधून माणसं प्रथम चंद्रावर उतरली. त्यांचा टेलिव्हिजन कॅमेरा तीन पायांच्या घोडीवर उभा असे. त्याचं तोंड वळवायचं, तर माणसानंच हात लावायला हवा. त्याच वर्षी नोव्हेंबरात, अपोलो १२ च्या वेळी, कॅमेरा हलवताना तो सूर्याकडे वळला आणि बिघडला. त्या फेरीतलं पुढचं चित्र गेलं ते गेलंच. चंद्रावर गेलेल्या माणसानं दगड गोळा करायचे, यंत्रं मांडायची, आणि वर कॅमेराही सांभाळायचा, म्हणजे फारच झालं!

मग १९७१ साली अपोलो १५ बरोबर चंद्रावर चारचाकी गाडी गेली. तिच्यावर रंगीत कॅमेरा बसवला होता, आणि त्याचा कारभार अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या नियंत्रण-केंद्रातून चाले. गाडी थांबली, की चंद्रवीर तिची छत्रीसारखी अँटेना हातानं पृथ्वीकडे रोखत. पुढचं काम एड फेंडेल या गृहस्थांचं. त्यांनी इथं कळ दाबली, की तिकडे कॅमेरा डावीउजवीकडे फिरे, वरखाली होई, दूरचं जवळ आणून दाखवी.

आता अडचण पाहा. चंद्र आपल्यापासून सुमारे ३,८४,००० किलोमीटर दूर. रेडिओलहरी धावतात सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. भागाकार करा. एका खेपेला सव्वा सेकंदाहून किंचित जास्त, जाऊन येऊन अडीच सेकंदांच्या वर! म्हणजे ह्यूस्टनला दिसे ते चित्र शिळं, आणि ते पाहून दिलेला हुकूम पोचेपर्यंत आणखी उशीर. समोर दगड असेल तर बिघडत नाही, दगड काही पळून जात नाही. पण यान उडालं तर?

परतीला निघालेल्या यानाच्या मागोमाग कॅमेऱ्यानं वर पाहावं, अशी या मंडळींची फार इच्छा. अपोलो १५ च्या वेळी कॅमेरा वरखाली करणारी यंत्रणाच नादुरुस्त होती. यान पाहता पाहता चित्राबाहेर गेलं. एप्रिल १९७२ मध्ये अपोलो १६ ची गाडी ठरल्यापेक्षा यानाच्या जवळ उभी राहिली आणि सगळं गणित चुकलं. आता उरली एकच फेरी, अपोलो १७ ची. त्यानंतर गाडीही नाही आणि यानही नाही.

१४ डिसेंबर १९७२. सर्नन आणि श्मिट हे दोघे यानात बसले होते. गाडी सुमारे दीडशे मीटरवर उभी होती. यान किती वेगानं चढेल आणि कोणत्या क्षणी कॅमेरा किती वर झाला पाहिजे, याचं टिपण आधीच तयार होतं. फेंडेल यांनी पहिला हुकूम यान उडण्यापूर्वीच धाडला. चित्राकडे न पाहता, घड्याळावर नजर ठेवून ते एकेक कळ दाबत गेले. तिकडे ठिणग्या उसळल्या, यान वर निघालं आणि कॅमेऱ्याची मान बरोबर त्याच्यामागे उचलली गेली. जगानं ते दृश्य पाहिलं. फेंडेल यांनी मात्र ते नंतर पाहिलं.

आज एका गावच्या खोलीत बसून दुसऱ्या गावचा कॅमेरा किंवा पडदा जाळ्यावरून चालवता येतो. तिथं हा उशीर सहसा जाणवतही नाही. पण अंतर वाढलं, की तो पुन्हा पुढ्यात येतो.

गुरुजी, उद्या फळ्यावर एक गणित घाला. मंगळ जवळात जवळ आला, तरी सुमारे साडेपाच कोटी किलोमीटर दूर असतो. तिथं हुकूम पोचायला किती वेळ लागेल? मुलं भागाकार करतील आणि तीन मिनिटांच्या वर उत्तर काढतील. मग त्यांना विचारा, मंगळावरच्या गाडीपुढे खड्डा आला, तर इथून ‘थांब’ म्हणून काय उपयोग? पाण्यावर जाणारा एखादा मुलगा उत्तर सगळ्यांआधी देईल, बरं का!