ओल, वाफ आणि ग्रिझू

मंडळी, इंग्रजीतून फ्रेंचमध्ये भाषांतर करायला बसलं की मला सगळ्यात जास्त छळतो तो ओलावा! आपल्याकडे कसं, भिंतीला ओल येते, हवा दमट होते, पापड सादळतात. इंग्रजीतही मॉइस्ट, डॅम्प, ह्युमिड आहेतच. पण फ्रेंचमध्ये जाताना त्यांच्या जोड्या सरळ लागत नाहीत.

'मॉइस्ट'चंच घ्या. शब्द मुळात जुन्या फ्रेंचमधला. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतरच्या काळात तो इंग्रजीत मुरला. चौदाव्या शतकात चॉसरने तो चक्क नव्याकोऱ्या बुटांसाठी वापरलाय! इकडे फ्रान्समध्ये त्याचा 'म्वात' झाला आणि घामेजलेल्या तळहाताला चिकटला. त्यामुळे इंग्रज ज्या केकला कौतुकाने मॉइस्ट म्हणतो, त्याला फ्रेंचमध्ये 'म्वात' म्हटलंत तर पाहुणा बशी बाजूला सारेल. तिथे हवा 'म्वालो'. तो आलाय 'म्वाल'वरून, म्हणजे हाडातल्या मगजावरून. केकमध्ये पाण्याचा मागमूस नाही, आहे तो मऊपणा.

केक बिघडला तर फारतर हसं होईल. 'डॅम्प'चं तसं नाही.

ओल्या भिंतीच्या डॅम्पला फ्रेंचमध्ये 'उमिद' म्हटलं की भागतं. पण हा शब्द डच-जर्मन कुळातला, मूळ अर्थ वाफ. इंग्रजीत तो आधी विषारी वायूसाठी आला, ओलीचा अर्थ मागाहून. कोळशाच्या खाणीत जुना अर्थच टिकून राहिला. तिथला 'फायरडॅम्प' म्हणजे मुख्यतः मिथेन. दिव्याच्या ज्योतीने भडका उडवणारा! २५ मे १८१२ रोजी इंग्लंडमधल्या फेलिंगच्या खाणीत असाच स्फोट होऊन ९२ जण गेले, त्यांत कितीतरी लहान पोरं होती. त्यानंतर १८१५ मध्ये हम्फ्री डेव्हीने ज्योतीभोवती बारीक जाळी असलेला दिवा बनवला.

फ्रेंचमध्ये या वायूला 'ग्रिझू' म्हणतात. बेल्जियमच्या वालून बोलीतला हा शब्द, 'ग्रीक आग' या अर्थाच्या शब्दाचं रूप. ग्रीक आग म्हणजे बायझंटाईन आरमाराचं पाण्यावरही पेटतं राहणारं अस्त्र. म्हणजे बघा, एकाच वायूत इंग्रज खाणकामगाराला वाफ दिसली, वालून खाणकामगाराला आग. आणि कोशातला पहिला अर्थ उचलून कुणी तिथे 'ओल' लिहिली, तर वाचणारा निर्धास्तपणे दिवा पेटवायचा!